घरात इंग्रजी, शाळा वेल्श: कार्डिफमधून एक प्रश्न

ताफकाठ

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं कार्डिफमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत. वेल्श ही इथली मूळ भाषा. मुलगी सप्टेंबरमध्ये शाळेत जाईल. इथे सरकारी शाळा दोन तऱ्हेच्या, इंग्रजी माध्यमाच्या आणि वेल्श माध्यमाच्या, आणि फी दोन्हीकडे नाही. आम्ही इंग्रजी शाळा धरूनच चाललो होतो. पण शेजारच्या आजींचा नातू वेल्श शाळेत जातो हे कळलं आणि मी थबकले, कारण त्या घरात कुणालाच वेल्श येत नाही.

आजींना विचारलं. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. भावाबहिणींशी वेल्श बोलायचे, पण पोटच्या मुलांशी कधीच नाही. पोरांचं नुकसान होईल अशी भीती. आजी म्हणाल्या, "माझ्यापर्यंत येता येता ती थांबली. नातवाच्या तोंडून ऐकते तेव्हा वडील आठवतात." नातू घरी गृहपाठ करतो तेव्हा त्याची आई शेजारी शब्दकोश घेऊन बसते. शाळेचं प्रत्येक पत्र दोन्ही भाषांत येतं, त्यामुळे वेल्श न येणाऱ्या पालकांचं अडत नाही.

हे ऐकून मला माझ्याच घरचं चित्र उलटं दिसलं. सांगलीला भावाच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत. सातवीतल्या भाच्याला 'एकोणसत्तर' म्हटलं की थांबून विचार करावा लागतो. भावाला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग मी इथला इतिहास वाचायला लागले. १८४७ साली लंडनहून पाठवलेल्या तिघा आयुक्तांचा शाळांवरचा अहवाल आला. त्यांना वेल्श येत नव्हतं. लोक अडाणी आणि नीतिभ्रष्ट असण्याचं खापर अहवालाने बरंचसं भाषेवर फोडलं. इथले लोक त्याला आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. त्या शतकात कितीतरी शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला छड्या. मुलांनीच एकमेकांवर पाळत ठेवायची! हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता.

आणि उलट दिशेचा प्रवास सुरू झाला तो फार छोट्या गोष्टींनी. १९३९ साली अॅबरिस्टविथला सात मुलांची पहिली वेल्श शाळा निघाली. १९५२ मध्ये ह्लानगेनेख गावच्या ट्रेव्हर आणि आयलीन बीझली या जोडप्याने घरपट्टी भरायचं नाकारलं. पैसे नव्हते म्हणून नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पट्टीची मागणी वेल्शमध्ये पाठवा. तो खाणकामगार, ती शिक्षिका. आठ वर्षं कोर्टाच्या तारखा, घरातलं सामान जप्त, पियानोसुद्धा नेला. १९६० मध्ये अखेर दोन्ही भाषांतला कागद आला. दोन वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९६२ ला, वेल्श लेखक सॉन्डर्स लुइस यांनी रेडिओवर भाषेच्या भवितव्याबद्दल भाषण केलं, त्यात या जोडप्याचं उदाहरण दिलं, आणि त्याच वर्षी भाषेची चळवळ उभी राहिली. पुढे १९८० मध्ये सरकारने वेल्श टीव्ही वाहिनीचं वचन मोडलं तेव्हा ६७ वर्षांच्या ग्विनवॉर एव्हन्स या वेल्श राष्ट्रवादी नेत्याने आमरण उपोषण जाहीर केलं. उपोषणाची तारीख उजाडण्याआधीच सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ पासून वाहिनी सुरू आहे.

माझा प्रश्न असा. अभिमानगीतं आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती गाताना माझाही गळा दाटतो. पण त्या घरपट्टीच्या कागदासारखं, नेमकं आणि रोजच्या व्यवहारातलं, आपण काय मागतो? काय मागायला हवं?

---

पाटणचा मास्तर

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवतोय. सकाळी सव्वासातला वाडीवर पिवळी व्हॅन येते. शाळेच्या फाटकासमोरूनच सात-आठ पोरं घेऊन तालुक्याला जाते. दर जूनला पटाचा हिशेब मांडताना पोटात गोळा येतो, कारण पट घसरला की शाळेवर गदा येते.

पण पालकांना बोल लावू नका, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकला. 'प्रकाशसंश्लेषण', 'अपवर्तन', सगळं समजून. अकरावी सायन्सला गेला आणि एका दिवसात सगळी पुस्तकं इंग्रजी. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "सर, मला येतंय पण कळत नाही काय विचारलंय ते." ज्या रस्त्याच्या शेवटी भिंत आहे त्या रस्त्यावर पोराला कोण घालेल? शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आणला, नंतर सेमी-इंग्रजी आलं, तरी व्हॅन थांबली नाही.

तिथे वेल्श शाळेत शिकलेल्या मुलाला पुढे भिंत लागते का?

---

ताफकाठ

सर, मी खास विचारून आले. सोळाव्या वर्षाची आणि अठराव्या वर्षाची, दोन्ही परीक्षा वेल्शमध्ये देता येतात. भौतिकशास्त्राचा पेपरसुद्धा. २०११ पासून एक राष्ट्रीय संस्था वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या वेल्शमधल्या अभ्यासक्रमांना पैसा आणि शिक्षक पुरवते. सगळे विषय मिळत नाहीत आणि बरीच मुलं विद्यापीठात इंग्रजीकडे वळतातच. पण इंग्रजी त्यांना मातृभाषेसारखी येते, म्हणून तो धक्का बसत नाही.

हा फरक मोठा आहे, मान्य. तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

---

हिशेबी

लेख मनापासून आवडला, पण आकडे समोर ठेवतो. १९०१ मध्ये वेल्समधले निम्मे लोक वेल्श बोलत. २०११ मध्ये १९ टक्के. २०२१ मध्ये १७.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. शाळा, वाहिनी, वेल्शसाठी १९९३ चा कायदा, २०११ चा कायदा, एवढं सगळं करून आकडा खालीच गेला. सरकारचं लक्ष्य २०५० पर्यंत दहा लाख भाषक!

मराठी मातृभाषा असणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. जी भाषा बुडते आहे तिच्याकडून आपण काय शिकायचं? मला यात वैर नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

ताफकाठ

हिशेबी, आकडे बरोबर आहेत. त्याच्या आत थोडं डोकावू या. २०११ ते २०२१ मधली घट मुख्यतः ३ ते १५ वयाच्या मुलांत दिसते, आणि त्या वयाचं उत्तर पालक भरतात. कार्डिफमध्ये मात्र टक्का वाढला, ११.१ वरून १२.२. उलट कार्मार्थनशरमध्ये, जिथे शेतकरी घरांतून भाषा पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिथे ४३.९ चे ३९.९ झाले. म्हणजे शहरात शाळा भाषा रुजवते आहे आणि खेड्यात कामधंद्याअभावी तरुण निघून गेले की घर ती गमावतं आहे. म्हणून सरकारच्या लक्ष्यात दोन गोष्टी आहेत: दहा लाख भाषक, आणि रोज वेल्श वापरणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांवरून २० वर नेणं. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

आठ कोटींचा आधार मला तुमच्याइतका वाटत नाही. १९११ मध्ये वेल्श बोलणारे पावणेदहा लाख होते, आजपर्यंतचे सर्वांत जास्त. टक्का तेव्हाच घसरू लागला होता.

---

मेघमल्हार

डब्लिनहून. आयर्लंडचं उदाहरण या चर्चेत यायलाच हवं.

इथे १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली अधिकृत भाषा ठरवलं. शाळेत ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत विषय म्हणून असते. पाट्या आयरिश, पासपोर्टवर आयरिश. २०२२ च्या जनगणनेत साधारण १८ लाख ७० हजार लोकांनी "येते" असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? सुमारे ७२ हजार.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी तेरा वर्षं आयरिश शिकला. मी त्याला विचारलं, भाजी आणताना कधी बोलतोस का? तो गप्प झाला, मग म्हणाला, "कुणाशी बोलू?" त्याच्या आवाजात खंत होती. परीक्षेसाठी निबंध पाठ केले होते, पण त्या भाषेत त्याने कधी बस चुकवली नाही, कधी भांडण केलं नाही.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मी त्याचं स्वागत केलं होतं, आजही करतो. पण सक्तीचा विषय एवढ्यावर थांबलो तर आपण आयर्लंडच्या वाटेने जाऊ. वेल्सने विषयापेक्षा माध्यमावर जोर दिला. गणित, खेळ, मधल्या सुट्टीतलं भांडण, सगळं त्या भाषेत. आयर्लंडमध्येही आयरिश माध्यमाच्या शाळा आहेत आणि त्यांतून येणारी मुलं खरंच बोलतात. पण बहुतेक मुलं त्या शाळांत जात नाहीत.

---

वेंगुर्लेकरीण

ताफकाठ, तुम्ही भाषेबद्दल लिहिलंत, मला जमिनीबद्दल विचारायचं आहे. कॅपेल केलिन या गावाबद्दल मी वाचलं होतं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिन खोऱ्यात धरण झालं, १९६५ मध्ये गाव, शाळा, प्रार्थनाघर, सगळं पाण्याखाली गेलं. वेल्सच्या एकाही खासदाराने त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं नव्हतं. पूर्ण वेल्श बोलणारं गाव होतं ते. मला मुळशी आठवली, १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट. मुळशीचे मावळे घरं-शेतं गमावून विखुरले. बोली बोलणारं गाव विखुरलं की बोलीचं काय होतं, हे आपण कधी मोजलं नाही.

आज धरण नाही, पण आमच्याकडे समुद्राकाठच्या जागा विकल्या जात आहेत. आमच्या आळीत बारा घरं होती, त्यांतली पाच आता वर्षातून आठ दिवस उघडतात. दिवे लागतात डिसेंबरात. वेल्समध्ये असं दुसरं घर घेणाऱ्यांवर जादा कर लावतात असं ऐकलं. खरं आहे का?

आणि एक मनातलं. मी शाळेत पहिल्या दिवशी बाईंना म्हटलं होतं, "माका पानी व्हया." सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "शुद्ध बोल." छडी नाही मारली, प्रेमळच होत्या. पण मी त्यानंतर चौथीपर्यंत वर्गात आपणहून बोलले नाही. तुमचा तो लाकडी तुकडा वाचला आणि तो दिवस डोळ्यांसमोर आला. आमच्या गळ्यात तो इंग्रजांनी घातला नव्हता.

---

ताफकाठ

हो, खरं आहे. एप्रिल २०२३ पासून वेल्समधल्या पालिका दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावू शकतात. ग्विनेथ जिल्ह्याने, जिथे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात, १५० टक्के लावला. तिथे कुणी भाषा आणि घर हे दोन वेगळे विषय मानत नाही. तरुण जोडप्याला गावात घर परवडलं नाही तर गावच्या शाळेत वेल्श बोलणारं मूल येणार कुठून? याविरुद्ध ओरड करणारेही आहेत, पर्यटनावर पोट असणारे. त्यांचं म्हणणंही अगदी टाकाऊ नाही.

तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर मला लगेच काही लिहिता येईना. एवढंच सांगते. इथे उत्तरेत दुधाला 'ह्लेव्रिथ' म्हणतात आणि दक्षिणेत 'ह्लाइथ'. (तो 'ह्ल' मला अजून नीट जमत नाही. जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची असते.) वाहिनीवर दोन्ही शब्द ऐकू येतात आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही. बालवाडीतल्या बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, घरी जे बोलता ते सोडू नका, मराठीच बोला. एका परक्या देशातल्या शिक्षिकेने माझ्या मुलीला मराठी बोलायला सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

---

मोहफूल

धागा वाचत होते. वेंगुर्लेकरीण यांच्यामुळे लिहायचं धाडस होतंय.

मी गडचिरोलीची. आमच्या घरी गोंडी. आम्हाला शाळेत मराठी कळायला दोन वर्षं गेली. माझा मोठा भाऊ तिसरीत शाळा सोडून गुरांमागे गेला. बुद्धी कमी नव्हती, रानातलं प्रत्येक झाड ओळखायचा. बाई काय विचारतात ते त्याला कळायचं नाही. पाटणच्या सरांच्या मुलाला अकरावीत जी भिंत लागली ती आमच्या मुलांना पहिलीतच लागते, आणि ती भिंत मराठीची आहे.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. ताईंनी सात मुलांची शाळा लिहिली ना, तसंच. मान्यतेसाठी त्यांना झगडावं लागलं. मराठीसाठी इंग्रजीकडे जे मागता, तेच गोंडी, कोरकू, भिली यांना मराठीकडून मिळावं असं मला वाटतं. मी मराठीच्या विरोधात नाही, ही भाषा मीही मनापासून वापरते. हे सगळं मराठीतच लिहिते आहे.

---

हिशेबी

मोहफूल, तुमचं लिहिणं वाचून माझा सूर बदलला. मी आठ कोटींचा आकडा ढालीसारखा पुढे केला होता. त्या आकड्याच्या आत किती बोली दबल्या आहेत आणि शेजारी कोण उभं आहे, हे पाहिलं नव्हतं. धन्यवाद.

मूळ प्रश्नाकडे येतो. नेमकं काय मागायचं? मी बँकेत नोकरी केली, तर त्यातलंच सांगतो. फॉर्म मराठीत छापलेले असायचे, पण कपाटात. ग्राहकाने मागितला तर द्यायचा. आणि मागायला संकोच वाटतो, कारण मराठी फॉर्म मागणं म्हणजे इंग्रजी येत नाही असं कबूल करणं. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्यांनी मागितला. वरच्या कचेरीला आम्ही कळवायचो, मागणी नाही.

---

ताफकाठ

तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत! इथल्या आरोग्यसेवेत यासाठी एक शब्द आहे, अर्थ साधारण 'आपणहून देऊ करणं'. रुग्णाने वेल्शमध्ये बोलायची मागणी करायची नाही, दवाखान्यानेच आधी विचारायचं. वेल्श बोलणारे कर्मचारी छातीवर नारिंगी बिल्ला लावतात, बोलण्याच्या फुग्याच्या आकाराचा. बिल्ला दिसला की म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा खुलतो ते मी दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलंय. स्मृतिभ्रंशात पुष्कळांची नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणीची मागे उरते. तिथे भाषा हा उपचाराचाच भाग होतो.

माझ्या आजीचं तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका मोठ्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. संमतीपत्र इंग्रजीत. आजी चौथी शिकलेली, रोज पोथी वाचणारी. तिने विचारलं, "यात काय लिहिलंय?" उत्तर मिळालं, "आजी, फक्त सही करा." तिने सही केली. जिला वाचता येत होतं तिला आपण अंगठेबहाद्दर करून टाकलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तर माझी पहिली मागणी ही. रुग्णालयातलं संमतीपत्र मराठीत, न मागता, समोर. आणि गडचिरोलीत गोंडी समजणारं माणूस शेजारी.

---

मेघमल्हार

यात माझी भर. दुकानाच्या पाटीपेक्षा मला औषधाच्या पाकिटातली चिठ्ठी मराठीत हवी, विम्याच्या अटी मराठीत हव्यात. पाटी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. अटी ज्याचं नुकसान होतं त्यालाच वाचाव्या लागतात.

---

वेंगुर्लेकरीण

मला साहित्य संमेलनाबद्दलही बोलायचं होतं. तिकडचा साहित्य-संगीताचा आयस्टेथवोड उत्सव १९५० पासून पूर्ण वेल्शमध्ये असतो आणि दर ऑगस्टला एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत फिरतो. आपलं संमेलनही फिरतं, १८७८ पासूनची परंपरा आहे. पण तिथे म्हणे आठवडाभर शाळकरी पोरं, गायनवृंद, तंबू टाकून राहणारे तरुण. आपल्या मांडवात पहिल्या पाच रांगा सोडल्या की मुलं किती दिसतात? असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

---

पाटणचा मास्तर

पंधरा दिवसांनी लिहितोय, शाळेची गडबड होती.

वेंगुर्लेकरीण ताईंचा 'माका पानी व्हया' वाचून झोप लागली नाही. कारण मीसुद्धा तेच करत आलोय. पोरगं "सर, जित्राबास्नी वैरण टाकून आलो" म्हणालं की मी सवयीने म्हणायचो, "जनावरांना चारा, असं म्हण." बावीस वर्षं.

गेल्या आठवड्याच्या सोमवारपासून वर्गात एक कोरा फळा टांगलाय. रोज प्रत्येकाने घरातला एक शब्द आणायचा, आजीआजोबांकडून आणला तर उत्तम. शेजारी पुस्तकातला शब्द आम्ही मिळून लिहितो, खोडायचं काहीच नाही. जित्राब, माळवं, कोरड्यास, दावं... नऊ दिवसांत ११४ शब्द झाले. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आहे, बंजारा. दिवाळीपासून वर्गात तिचा आवाज ऐकला नव्हता. तिने तिच्या बोलीतला पाण्याचा शब्द आणला आणि उठून स्वतः फळ्यावर लिहिला.

व्हॅन अजून सव्वासातला येते. पण परवा व्हॅनमधून जाणाऱ्या दोघांच्या आया फाटकाशी थांबून फळा वाचत होत्या. त्यातली एक म्हणाली, "सर, 'पाभर' नाही लिहिलंय." मी खडू तिच्या हातात दिला.

---

ताफकाठ

सर, फळ्याचा फोटो टाकाल का? मुलीला दाखवायचाय. तिचं नाव वेल्श शाळेत घातलं, आजच पत्र आलं. दोन्ही भाषांत. मी तिसरी खाली पेनाने लिहिली आणि फ्रिजवर लावलं.